तुम्ही विचारलंत म्हणून: पेठेतल्या घरांचं दुकानांनी वाटोळं केलं का?

पुण्याच्या पेठांमधली जुनी घरं दुरुस्त करणं हे माझं काम. त्यामुळे कसबा पेठेतून कुणाला फिरवून आणलं की हा प्रश्न ठरलेला असतो: "वर इतकी देखणी सागवानी माडी आणि खाली झेरॉक्सचं दुकान! या दुकानांनीच घरांची वाट लावली ना?"

मला तसं वाटत नाही. आज पेठेत जी घरं उभी आहेत, त्यातली बरीचशी खालच्या धंद्यामुळे उभी आहेत.

तांबट आळीच बघा. पेशवाईच्या काळात इथे तांबट वसले आणि तेव्हापासून खाली काम, वर बिऱ्हाड ही तिथली रीत. तांब्याचा पत्रा तापवला की नरम पडतो, ठोकत गेलं की कडक होतो. म्हणून तापवायचं, ठोकायचं, पुन्हा तापवायचं. सगळ्यात शेवटी मठारकाम. घंगाळाच्या अंगावर हातोडीचा एकेक ठोका आधीच्या ठोक्याला लागून बसवत जायचं. त्यानं चकाकी येते आणि भांडं टणकही होतं. या कामाला भट्टी लागते, उजेड लागतो, आल्यागेल्याची नजर लागते. ते रस्त्यालगतच्या सोप्यातच, म्हणजे घराच्या पुढच्या भागातच होणार. बुरूड आळी, शिंपी आळी, कागदीपुरा ही नावंही धंद्यांचीच आहेत.

रविवार पेठेत किंवा लक्ष्मी रस्त्याला गोष्ट थोडी वेगळी. तिथे राहत्या घरांच्या ओसऱ्यांची नंतर दुकानं झाली. पण रोज उघडणाऱ्या दुकानात पहिल्या पावसाची गळती त्याच दिवशी कळते आणि माल भिजू नये म्हणून कौलं लगेच चाळली जातात. कुलूपबंद घरात तेच पाणी तुळईच्या, म्हणजे माडीचा भार पेलणाऱ्या आडव्या लाकडाच्या टोकाला मुरत राहतं. त्यात जुनी भाडी गोठलेली. मालकाला खर्च परवडत नाही, भाडेकरूला तो आपला वाटत नाही. अशा घरात वर्षानुवर्षं खिशातून पैसे घालणारा माणूस मला बहुतेक वेळा तळमजल्यावरचा दुकानदारच भेटला आहे.

नुकसान होतं ते शटरमुळे. जुन्या दुकानांना फळ्या असत, सकाळी एकेक काढून आत ठेवायच्या. खांब जागचा हलत नसे. शटरला सलग रुंदी हवी, मग मधला खांब आड येतो. अशा एका घरात मी गेले तेव्हा खांबाचा दगडी तळखडा फरशीत तसाच होता आणि वरचा खांब कापून काढलेला. तुळईखाली लोखंडी गर्डर घातला होता, पण त्याचं एक टोक नुसतं मातीच्या भिंतीवर टेकवलेलं. तिथली वीट चुरत होती. माडीवर राहणाऱ्या आजींची तक्रार एवढीच, की दार लागत नाही. दार कसं लागणार, चौकटच तिरकी झाली होती!

दुसरं नुकसान शेजारून येतं. या घरांची मधली भिंत सामाईक असते. एक घर पाडलं की शेजारच्याची आतली बाजू, जिला कधी पाऊस ठाऊकच नव्हता, उघडी पडते. मातीत रचलेली भिंत भिजली की काय होतं ते १२ जुलै १९६१ ला, पानशेत धरण फुटलं तेव्हा, पुण्यानं पाहिलं आहे. अशा उघड्या पडलेल्या भिंतीवर घाईघाईनं सिमेंटचा गिलावा मारतात. ओल आतच कोंडते आणि गिलाव्यामागची माती सुटत जाते. चुन्याचा गिलावा करा, ओल बाहेर पडू द्या, हे मी प्रत्येकाला सांगते. निम्मे ऐकतात.

तेव्हा अशा घरात दुकान किंवा कारखाना टाकायचा विचार असेल तर जरूर टाका, मला आनंदच होईल. भाडं ठरवण्याआधी मात्र माडीवर जाऊन या. तुळईची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे लाकूड टोचून बघा, भुसभुशीत लागलं तर आधी सुतार बोलवा. आणि खांब असेल तिथेच ठेवून काउंटर मांडा.