स्कॅन केल्यावर कुणाचं नाव येतं?

चंदगड, शाहूवाडी, गगनबावडा या तालुक्यांतून कोल्हापुरात शिकायला आलेल्या मुलींसाठी आमची संस्था वसतिगृह चालवते. मेसचा खर्च भागवण्यासाठी दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात आम्ही निधी संकलनाचा कार्यक्रम घेतो. देणग्यांचा हिशेब, पावत्या आणि देणगीदारांशी बोलणं हे माझं काम. यंदा कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच एका जुन्या देणगीदार काकांचा फोन आला.

"ताई, तुमचा क्यूआर स्कॅन केला तर नाव दुसरंच येतंय ओ. पाठवू का नको पैसे?"

त्यांना पिन टाकू नका म्हटलं आणि पोस्टर मागवून घेतलं. पोस्टर आमचंच होतं. तोच मुलींचा फोटो, तीच वेळ, तोच मजकूर. फक्त खालच्या कोपऱ्यातला काळा-पांढरा चौकोन बदललेला. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधून ते पार इचलकरंजीपर्यंत फिरून आलं होतं.

क्यूआरमध्ये खरं तर फार काही नसतं. कुणाच्या यूपीआय आयडीवर पैसे जायचे, हेच मुख्यतः त्यात साठवलेलं असतं. पण तो डोळ्यांनी वाचता येत नाही. चेकवरचं नाव खोडलं तर कुणालाही दिसतं. चौकोन बदलला तर छापणाऱ्यालासुद्धा कळत नाही. खरं-खोटं कळायची जागा एकच, स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारं खातेदाराचं नाव. काकांनी ते वाचलं म्हणून ते वाचले.

एक निवृत्त शिक्षिका मात्र आदल्या रात्रीच पाच हजार पाठवून बसल्या होत्या. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "नाव बघितलं होतं गं मी. वाटलं, तुमचे खजिनदार असतील."

हे वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं. कारण बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्याकडे कितीतरी मंडळं, छोट्या संस्था खजिनदाराच्या नाहीतर कार्याध्यक्षाच्या खासगी नंबरवर वर्गणी घेतात. माणूस प्रामाणिकच असतो, हिशेबही चोख असतो. पण संस्थेला देणगी देताना पडद्यावर एखाद्या माणसाचं नाव येणं आपल्या अंगवळणी पडलंय, आणि भामट्याला एवढंच पुरतं. शिवाय मदत म्हटली की कोल्हापूरकराचा हात आधी खिशात जातो. २०१९ चा महापूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

बाईंना लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली. पैसे ज्यांच्या खात्यातून गेले त्यांनीच ती केलेली बरी, आणि जितकी लवकर तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक कुठे असतो ते फोनवर सांगत सांगत शोधलं. बाईंनी तो वहीत उतरवून घेतला आणि मला दोनदा वाचून दाखवला.

दुपारी कार्यकारिणी बसली. अध्यक्षांचं म्हणणं, क्यूआरच नको, रोख आणि चेक घ्या. मी हट्टानं नाही म्हटलं. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीला आयकरात सवलत मिळत नाही, हा एक भाग. पण मला काळजी होती ती शंभर-दोनशे देणाऱ्यांची. स्टेजवर जाऊन पाकीट देणारे देतातच, त्यांचं नाव माइकवर पुकारलं जातं. मागच्या रांगेतली उद्यमनगरातल्या कारखान्यांतली पोरं, पहिल्या पगारातून काहीतरी द्यावं म्हणून आलेली आमचीच माजी विद्यार्थिनी, ही माणसं जागेवर बसून फोनवरूनच देतात. क्यूआर काढला की ती नुसत्या टाळ्या वाजवून घरी जातात.

शेवटी एक ठरलं. संध्याकाळी आवाहनाच्या आधी आमच्या एका मुलीनं आपला मोबाइल प्रोजेक्टरला जोडला. सकाळच्या बनावट पोस्टरबद्दल सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग सगळ्यांसमोर आमचा क्यूआर स्कॅन केला. पडद्यावर संस्थेचं नोंदणीकृत नाव आलं, अख्खं. ती म्हणाली, "हेच नाव दिसलं तर पिन टाका. एक अक्षर वेगळं असलं तरी टाकू नका." सभागृहात खसखस नाही, कुजबूज नाही. लोक माना खाली घालून आपापल्या पडद्यावरचं नाव वाचत होते.

त्यानंतर पावतीच्या टेबलावर मला मान वर करायला वेळ मिळाला नाही. फोनवरच्या फॉर्ममध्ये नाव आणि पॅन भरलं की पावती व्हॉट्सअॅपवर जात होती. रोख देणाऱ्यांचीही नोंद त्याच यादीत होत होती. स्टेजवरचा आकडा रुपयांचा नव्हता, "किती मुलींच्या महिन्याची मेस झाली" याचा होता. एक मिस्त्री पावती बघून परत आले. म्हणाले, "ताई, नाव आईचं टाका की. मी शिकलो नाही, पण आई लई म्हणायची." पावती दुरुस्त करून दिली. आईचं नाव नीट आलंय का, हे त्यांनी तिथंच उभं राहून वाचलं.

एरवी कार्यक्रमात जमते त्याहून जास्त रक्कम त्या संध्याकाळी जमली, आणि त्यात लहान देणग्या कितीतरी जास्त होत्या. माझ्या मते हे अॅपचं किंवा प्रोजेक्टरचं श्रेय नाही. आपला पैसा कुणाच्या खात्यात चाललाय हे माणसानं स्वतः वाचलं, म्हणून हात मोकळा सुटला. याच चौकाच्या आसपास शाहू महाराजांच्या काळातली बोर्डिंगं उभी आहेत. पहिली १९०१ सालातली. पोरांच्या शिक्षणाला इथं पैसा कमी पडू नये, एवढंच मला वाटतं.

बाईंची रक्कम अडवली गेल्याचं नंतर कळलं. हातात यायला वेळ लागणार आहे. आता आमच्या प्रत्येक पोस्टरवर क्यूआरच्या खाली संस्थेचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरात असतं. ओळखीच्या एका तरुण मंडळाला मंडळाच्या नावानं खातं काढायला मी बँकेत घेऊन गेले. दुसऱ्या मंडळाचे खजिनदार अजून "बघू" म्हणतायत. त्यांच्याकडे रविवारी पुन्हा जाणार आहे.