काच सगळ्यात शेवटी: सी-३ कॉर्व्हेटचं टी-टॉप जुळवताना

१९६८ च्या मॉडेलपासून आलेल्या सी-३ कॉर्व्हेटच्या (शेव्हरलेच्या स्पोर्ट्स कारची तिसरी पिढी) छतात मधोमध जी दांडी आहे, ती शोभेची नाही. आधी छत अख्खं एका तुकड्यात निघावं असा बेत होता. पण बॉडीला पीळ पडायचा, छत करकरायचं, म्हणून दांडी आली आणि छताचे काढता येणारे दोन तुकडे झाले; हेच टी-टॉप. तो पीळ पूर्ण गेलेला नाही. म्हणून छत आणि काच जुळवायचं काम गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी असतानाच करायचं. जॅकवर जुळवलेलं छत खाली उतरल्यावर तसंच राहील याची खात्री नाही.

वाऱ्याची शिट्टी ऐकू आली की बहुतेकजण थेट दाराचं पॅड उघडून काचेला हात घालतात. पण काच दारात आहे, दार बिजागरीवर, बिजागरी बॉडीवर आणि बॉडी चासीवर. खालून वर यायचं. दार थोडं उघडा, मागचं टोक धरून वर उचला. खट्कन खेळ लागला तर बिजागरीच्या पिना आणि बुश झिजलेत. ते बदलल्याशिवाय पुढची सगळी मेहनत फुकट.

मग छत. प्रत्येक पॅनेल, म्हणजे छताचा तुकडा, पुढच्या काचेच्या चौकटीशी आणि मधल्या दांडीशी एका पातळीत हवं. लॉक लावताना हिसका द्यावा लागत असेल, तर पिना जिथे अडकतात ती पट्टी सैल करून सरकवा. जोर केला तर फायबरग्लासला तडा जातो, आणि ती दुरुस्ती बिडिंगपेक्षा (कडेच्या रबरी पट्टीपेक्षा) कितीतरी महाग पडते. नवीन बिडिंग आधी कोरडंच बसवून बघा. गोंद एकदा धरला की सरकवता येत नाही.

आता काच. या दाराला काचेची चौकट नाही, की पुढची छोटी तिकोनी काचही नाही. काच थेट रबरावर टेकते: पुढे खांबाच्या, वर छताच्या, मागे मागच्या खांबाच्या. दारातले काच जुळवायचे नट सैल करण्याआधी प्रत्येकाच्या मूळ जागी मार्करने रेघ मारा. काच दाराच्या वरच्या कडेवर तरफेसारखी झुकते: खालचा भाग बाहेर नेला की वरची कड आत येते. एका वेळी एकच नट, एक-दोन मिलिमीटर. रबर हलकं दाबलं गेलं की पुरे; चेपून सपाट झालं तर ते लवकर मरतं. काच किती वर जाते ते ठरवणारे थांबे शेवटी लावा. ते जास्त वर राहिले तर दार लावताना काच छताच्या बिडिंगची कड ओरबाडते.

तपासायला कागदाची पट्टी घ्या. काच आणि रबराच्या मधे ठेवून दार लावा आणि ओढा, दर दहा सेंटिमीटरवर. सगळीकडे सारखा विरोध हवा. पुढच्या वरच्या कोपऱ्यात मात्र बोटाबोटाच्या अंतरावर बघा, कारण तीन बिडिंगं तिथेच भेटतात आणि पाणी बहुधा तिथूनच शिरतं.

पाण्याची चाचणी नळीचं तोंड मोकळं ठेवून करा, प्रेशर वॉशरने नाही. खालून सुरुवात करून हळूहळू वर जा. आत एकजण बॅटरी घेऊन बसलेला असावा. वरूनच पाणी सोडलं तर गळती कुठली तेच कळत नाही. दाराच्या तळाची भोकंही मोकळी हवीत, कारण काचेवरून दारात उतरणारं पाणी तिथूनच बाहेर पडतं.

बिडिंगला सिलिकॉन ग्रीस चालतं. इंजिन ऑइल किंवा व्हॅसलीन लावलं तर रबर फुगतं, आणि जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून.