आधी उतरवून दाखव

चौथ्या वर्षाच्या डिझाइन स्टुडिओला या सत्रात मी विषय दिला होता : जागतिक एक्स्पोमध्ये भारताचा पॅव्हिलियन, म्हणजे देशाचं प्रदर्शन-दालन. जागा परदेशातली, मुदत सहा महिने, नंतर प्लॉट मोकळा करून यजमानांच्या ताब्यात. ही अट माझ्या पदरची नाही, एक्स्पोचा शिरस्ताच तो. देश येतात, एकमेकांच्या शेजारी आपापली घरं बांधतात, सहा महिने मिरवतात आणि आवरून जातात. दुबईतला भारताचा, फिरत्या सहाशे ठोकळ्यांच्या दर्शनी भिंतीचा पॅव्हिलियन कायमचा राहिला, पण असं नशीब एखाद्याचंच.

ज्युरीला, म्हणजे मुलांची कामं बघून मार्क द्यायला, बाहेरचे दोघं बोलावले. एक ज्येष्ठ आर्किटेक्ट, आमचे सर, ज्यांच्या ऑफिसात आमची बरीच मुलं इंटर्नशिपला जातात. दुसरे नारायण पेठेतले मंडप कॉन्ट्रॅक्टर, काका. स्टाफरूममध्ये हे फारसं कुणाला पटलं नव्हतं. ‘ज्युरी आहे मॅडम, मंडळाची मीटिंग नाही,’ असंही एकजण बोलून गेला. अकाउंट्सवाल्यांनी तर मानधनाच्या फॉर्मवर काकांचं शिक्षण काय लिहायचं म्हणून तो फॉर्मच अडवून ठेवला. दहा दिवसांसाठी महाल उभा करायचा आणि विसर्जन आटोपलं की रस्ता वाहतुकीला मोकळा करून द्यायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या करणारा माणूस गावात असताना त्याला नाही तर कुणाला विचारायचं?

सकाळचा वेळ कमळं, चक्रं आणि मोरपिसाऱ्यांत गेला. बारवा इतक्या आल्या, की सरांनी पाचव्या बारवेला नुसता हात जोडला. मुलांना तरी का बोलावं? परदेशी प्रदर्शनात भारत म्हणजे हत्ती, ही सवय जुनी आहे. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात कोहिनूर होता आणि भारताच्या दालनात हौदा घातलेला पेंढा भरलेला हत्तीही होता. तो हत्ती इथून गेलाच नव्हता. हौदा आला, हत्ती मिळेना, म्हणून तिथल्याच एका गावच्या म्युझियममधून उसना आणला. १८८६ सालच्या प्रदर्शनात लंडनकरांसमोर बसून कला दाखवणारे ‘भारतीय कारागीर’ बहुतांश आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होते. तेव्हा देश कसा दिसावा हे दुसऱ्यांनी ठरवलं. आता आपण ठरवतो, आणि हत्तीच ठरवतो.

काका कुणाच्याच कमळावर बोलले नाहीत. त्यांचा प्रश्न एकच : ‘उतरवायला किती दिवस?’ बहुतेकांकडे उत्तर नव्हतं. एकाने मोठ्या तोऱ्यात लाकडी तुळयांचं छप्पर मांडलं, सगळं इथून बनवून पाठवणार म्हणाला.

‘हा वासा केवढा रे?’

‘साडेतेरा मीटर, काका. एकसंध.’

‘जाणार कशातून?’

‘चाळीस फुटी कंटेनर.’

‘तो आतून किती?’

पोरगा गप्प. मग शेजारच्याने मोबाइलवर बघून सांगितलं, साधारण बारा मीटर. वर्ग हसला. मी नाही हसले, कारण आठवड्यामागे हेच सेक्शन, म्हणजे छपराचं उभ्या छेदाचं ड्रॉइंग, मी तपासून ‘गुड’ लिहिलं होतं.

जेवणानंतर जी मुलगी उभी राहिली तिचं पहिलंच शीट बघून सर चष्मा पुसायला लागले. रेंडर, म्हणजे इमारतीचं रंगीत चित्र, नाही, दर्शनी भाग नाही. मोकळा प्लॉट. दुसऱ्या शीटवर नुसता पाया, तिसऱ्यावर खांब. उतरवणीचा क्रम तिने शेवटाकडून मांडला होता, आणि पॅव्हिलियन पूर्ण दिसायला सातवं शीट यावं लागलं. बांबूचे सहा-सहा मीटरचे तुकडे, त्यांना जोडणारे स्टीलचे स्लीव्ह, म्हणजे नळ्या, पायाला खड्डा नाही, वजनासाठी वाळू भरलेल्या टाक्या. प्रत्येक तुकड्याला नंबर. हॅनोव्हरच्या २०००च्या एक्स्पोमधला स्वित्झर्लंडचा पॅव्हिलियन तिने अभ्यासला होता हे दिसत होतं. आर्किटेक्ट पीटर झुमटोरने तिथे नुकत्याच कापलेल्या ओल्या लाकडाच्या थप्प्या रचल्या, ना खिळा ना गोंद, नुसत्या स्टीलच्या सळ्या आणि स्प्रिंगांनी ताणून धरल्या. लाकूड सुकून आक्रसत गेलं तशी स्प्रिंगनी ढिलाई खाल्ली. एक्स्पो संपल्यावर तेच लाकूड, आता सुकलेलं, विकायला काढलं.

काका खुर्चीवरून उठून शीटपाशी गेले. बराच वेळ एकाच जोडावर बोट.

‘बाळ, हा बांबू कंपनीत बनलाय का? दोन्ही टोकं सारखी काढलीस. बुडखा जाड, शेंडा बारीक, तुझा स्लीव्ह एका टोकाला बसेल, दुसरीकडे डुगडुगेल.’

‘काका, आत रबराचं पॅकिंग आहे. शेंड्याकडे जास्त.’

‘आणि हे बोल्टचं भोक? मधोमध पाडलंस की फाटलाच तो. गाठीजवळ घे.’

तिने पेन्सिलीने तिथल्या तिथे भोक सरकवलं. ज्युरीत शीटवर पेन्सिल चालवायची नसते, पण त्या क्षणी कुणी हरकत घेतली नाही. ‘उतरवणारी माणसं कुठली?’ काकांनी विचारलं. ती म्हणाली, तिथलीच, म्हणून ड्रॉइंगवर एकही शब्द नाही, फक्त नंबर आणि रंग. काका खूश झाले. त्यांच्या गोडाऊनमध्येही बांबूच्या टोकाला रंगाचे पट्टे असतात, मालही ओळखू येतो आणि कुठला कुठे लागतो तेही.

मग सरांनी तो प्रश्न टाकला, जो टाकणं भागच होतं : ‘ठीक आहे, पण यात भारत कुठे आहे?’

त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. ते म्हणाले, व्हेनिस बिएनालेच्या, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाच्या बागेत, जार्दिनीत, बघा. १९०७ साली बेल्जियमने पहिला पॅव्हिलियन बांधला, आज एकोणतीस आहेत. आपला एकही नाही. २०११ आणि २०१९ला भारताचं अधिकृत दालन लागलं ते आर्सेनालेमध्ये, तिथल्या जुन्या गोदीत, घेतलेल्या जागेत. कायमची वास्तू असती तर दर खेपेला शून्यातून सुरुवात करावी लागली नसती.

तिने लॅपटॉपवर एक फोटो उघडला. त्याच बागेतला सर्बियाचा पॅव्हिलियन. भिंतीवर अजून अक्षरं आहेत : जुगोस्लाव्हिया. ‘देश गेला सर, पाटी आहे,’ एवढंच म्हणाली.

मी जर्मनीची भर घातली, मला राहवलं नाही. तिथला जर्मन पॅव्हिलियन नाझींनी १९३८मध्ये आपल्या थाटाचा करून घेतला. पुढे १९९३ला चित्रकार-शिल्पकार हान्स हाकेला तिथे जर्मनीतर्फे काम मांडायचं होतं, तेव्हा त्याने आतली संगमरवरी फरशी फोडली आणि तुकडे तसेच पसरून ठेवले. लोक त्यावरून अडखळत चालत होते. त्या वर्षी जर्मनीला गोल्डन लायन, बिएनालेचं मोठं पारितोषिक, मिळालं. कायमची वास्तू म्हणजे आजोबांच्या मतांसकट मिळालेलं घर.

सर मानले नाहीत. त्यांनी बार्सिलोना काढलं, म्हणजे तर आम्हा आर्किटेक्टांचं कुलदैवतच. आर्किटेक्ट मीस व्हान डर रोहचा तिथल्या १९२९च्या प्रदर्शनातला जर्मन पॅव्हिलियन १९३०मध्ये उतरवला गेला आणि पन्नासहून अधिक वर्षं जग तो फोटोंवरून शिकवत राहिलं. शेवटी १९८६ला त्याच जागी पुन्हा उभा केला. ‘लोकांना तो परत हवा होता,’ सर म्हणाले. ‘हिचा कुणी परत मागेल का?’ हा घाव वर्मी लागला. मुलीकडे त्यावर उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिचा पॅव्हिलियन दिसायला तसा साधाच होता.

मार्कांवरून वाद झाला. सरांना ती मधल्या फळीत हवी होती, काकांना पहिली. मी दोघांच्या मध्ये आकडा धरला, काकांच्या बाजूला जरा जास्त झुकता. पहिला नंबर बारवेवाल्या एका मुलाचा आला. बारव उत्तमच होती, उतरवता येत नव्हती इतकंच. पुढच्या सत्राच्या विषयात मी उतरवणीचं शीट सक्तीचं केलंय आणि त्याला वीस मार्क ठेवलेत. सरांनी त्यावर लेखी असहमती नोंदवली आहे.

काका जाताना त्या जोडाचा फोटो काढून घेऊन गेले. परवा त्यांचा फोन आला. स्लीव्ह वेल्डरकडून करून घेतला, गाठीजवळ भोकंही घेतली, पण कमानीच्या वजनाला रबर बाहेर सरकतंय. मुलीला गोडाऊनला पाठवा म्हणाले, आणि येताना रबराचे दोन-तीन नमुने घेऊन यायला सांगा.