किंमत सांगायची नाही, मग सांगायचं काय?

आमच्या पुरातत्त्व अभ्यासकांच्या छोट्या संस्थेची आचारसंहिता ठरवायला आम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या प्राचीन गावी जमलो होतो. अमेरिकेतल्या पुरातत्त्वज्ञांच्या संस्थेने १९९६ साली स्वीकारलेली आठ तत्त्वं नमुन्याला समोर होती. उत्खननाचा अहवाल वेळेत छापावा, यावर सगळ्यांनी माना डोलावल्या (पाळणार किती, ते दिसेलच). गाडी अडली ती खरेदी-विक्रीच्या कलमावर. मसुदा होता : सभासदाने पुराणवस्तू विकत घेऊ नये, तिची किंमत सांगू नये.

तेवढ्यात एक आजोबा डबा घेऊन आले. पावसाने पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती वाहून गेली की इथे मणी उघडे पडतात. डब्यात तसलेच मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि शिशाची काही नाणी.

"सायेब, ह्येचं किती येतील?"

कुणी बोलेना. शेवटी एकाने कलमच वाचून दाखवलं.

"बरं. मंग ज्यो सांगतो त्येच्याकडं जातो."

आमचे हात स्वच्छ राहिले असते, नाणी मात्र दलालाकडे गेली असती आणि ती कुठल्या रानात सापडली हेही त्यांच्याबरोबर बुडालं असतं. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "रामलिंगप्पा लामतुऱ्यांनी वस्तू जमवल्या नसत्या, तर इथलं संग्रहालय उभं राहिलं असतं का?" नसतं. पण आज आपण पैसे मोजायला लागलो तर उद्या लोक पांढरी खणायला लागतील, असं मी म्हणालो आणि अजूनही म्हणतो. एका प्राध्यापकांचा मुद्दा त्याहून अवघड होता : नाणं सातवाहनांचं आहे एवढं सांगितलं तरी भाव वाढतोच.

मग आजोबांना कायदा सांगितला. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. सरकारने ते घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश मिळतो. शिशाच्या बाबतीत म्हणजे चहाचे पैसे! आजोबा हसले.

"अर्ज देतो. पर पोच पायजे. आन् माजं नाव लिवा."

कलमाखाली त्याच दुपारी भर पडली : सभासदाने सापडल्याची जागा टिपावी, फोटो काढावा, अर्ज लिहून द्यावा, पोच मिळवून द्यावी, शोधणाऱ्याचं नाव नोंदीत घालावं. वस्तू कुठल्या काळातली ही ओळख सांगावी की नाही, यावर एकमत झालं नाही. तो मुद्दा पुढच्या बैठकीला ठेवलाय.