जळलेल्या उतारावरची फुले

मे महिन्यात फुलांचे फोटो काढायला डोंगरावर जातो, असे सांगितले की घरचे माझ्याकडे काळजीने पाहतात. रानफुले म्हणजे श्रावण-भाद्रपद, कासच्या पठारावरची गर्दी, सोनकी आणि तेरडा, हे आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की वणव्याने काळ्याठिक्कर झालेल्या उतारावर ऐन उन्हात कोणी कॅमेरा घेऊन काय करणार, ही शंका रास्तच म्हणायला हवी. तळेगाव दाभाड्याजवळच्या एका टेकडीवर, राखेत कोपरे रोवून मी पालथा पडलो असताना, एका गुराखी आजोबांनी ती थेट विचारली. “काय हरवलंय का, पावणं?”

ज्याच्यासाठी आलो होतो ते माझ्या नाकासमोरच होते. डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा हे त्याचे शास्त्रीय नाव मराठी जिभेला जरा जडच जाते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील मंदार दातार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच परिसरातल्या गवताळ उतारांवरून ही नवी प्रजाती २०२४ मध्ये जगापुढे मांडली. तिला बहर येतो दोनदा. एक पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, आणि दुसरा मे-जूनमध्ये, वणव्याच्या पाठोपाठ. जमिनीवरचे सारे जळून गेले तरी खालचे लाकडासारखे टणक मूळखोड शाबूत राहते आणि त्यातून बुटके, फुलांनी लगडलेले फुटवे वर येतात. मोठे व्हायला सवड नसल्यासारखी ही घाई पाहून मला लग्नसराईतल्या मुहूर्तांची आठवण झाली.

फोटो काढणे मात्र वाटते तितके सोपे नाही. भोवती सगळे काळे असल्यामुळे कॅमेऱ्याला अंधार आहे असे वाटते, तो आपल्या मनाने उजेड वाढवतो आणि मग राख करडी, तर फूल पांढरेफटक होऊन बसते. माझा पहिल्या दिवसाचा बहुतेक ऐवज असाच वाया गेला. दुसऱ्या दिवशी उजेड मुद्दाम कमी करून घेतला, सकाळी आठच्या आत काम उरकले आणि वारा पडायची वाट पाहिली, कारण नुसत्या श्वासानेसुद्धा राख उडून पाकळीवर बसते. नीट जमलेल्या फोटोत दोन ओठांचे ते चिमुकले फूल काळ्या मखमलीवर ठेवलेल्या दागिन्यासारखे दिसले.

नेमकी हीच गोष्ट मला खटकते. काळी पार्श्वभूमी इतकी देखणी असते की पाहणाऱ्याला वणवाच देखणा वाटू लागावा. “जाळल्याबिगर गवत चांगलं येत न्हाई,” असे आजोबांनी मला समजावले, आणि त्यांच्या बोलण्यात अपराधाची छटाही नव्हती, कारण त्यांच्या वडिलांनीही तेच केले होते. पुढ्यात फुललेले झाड पाहता मला त्यांच्याशी वाद घालता येईना. परंतु याच दिवसांत टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, आणि त्यांना खाली मूळखोड नसते. कोणी हौसेने लावलेली रोपटीही त्याच आगीत जातात. आजोबांना टिटवीबद्दल विचारले, तेव्हा ते थोडे थांबले आणि म्हणाले, “वरडती लई, आग लागली की.” मग काठी खांद्यावर टाकून ते आपल्या गुरांमागे निघून गेले.

घरी आल्यावर एक फोटो मोठा करून पाहिला. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका होता. गळलेली पाकळी असेल म्हणून तेवढा भाग कापून टाकणार होतो, तेवढ्यात त्याचे वेटोळे दिसले. तो गोगलगाईचा शंख होता, भाजून चुन्यासारखा पांढरा झालेला. फूल त्यामुळे फोटोच्या मध्यापासून थोडे सरकल्यासारखे दिसते, पण मी तो कोपरा कापला नाही.