बेंचवरून प्रश्न येतो तेव्हा

मूट कोर्टात, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या लुटुपुटूच्या खटल्यात, पाठ करून आणलेलं भाषण फार काळ जगत नाही. विद्यार्थी उभा राहतो, कोट सारखा करतो, 'मे इट प्लीज युअर लॉर्डशिप्स' म्हणतो आणि पहिला मुद्दा सुरू होतो न होतो तोच बेंचवरून, म्हणजे न्यायाधीशांकडून, विचारणा होते, "काउन्सेल, तुम्ही ज्या निवाड्याचा आधार घेताय, त्यात भांडण नेमकं कशावरून होतं?" झाली पंचाईत! निवाड्यातलं ते घसघशीत वाक्य त्याला तोंडपाठ असतं; पण कोण कुणाविरुद्ध का गेलं होतं, ती पानं त्याने उलटलेलीच नसतात. तिथून पुढची दहा मिनिटं बघण्यासारखी असतात.

मूट म्हणजे वक्तृत्व स्पर्धेला काळा कोट घातलेला, असा एक समज आहे. मला तर उलटंच दिसत आलंय. गाजलेल्या वक्त्यांना मूट जड जातं. अखंड बोलायची सवय असलेल्याला मध्येच तोडलं की त्याचा धागा हरवतो. इथे कसब थांबण्याचं असतं. न्यायाधीशाने तोंड उघडलं की आपलं वाक्य, कितीही देखणं असलं तरी, अर्ध्यावर सोडायचं. प्रश्न शेवटपर्यंत ऐकायचा. आधी 'हो' किंवा 'नाही' सांगायचं आणि मग कारण. "त्या मुद्द्यावर मी नंतर येतोच" ही पळवाट बेंचला लगेच कळते. खरं तर प्रश्न म्हणजे न्यायाधीशाच्या मनात अडकलेली गोष्ट. ती त्याने आपण होऊन समोर ठेवली, तर वकिलाने खूश व्हायला हवं. पण हे कळायला बरेच प्रश्न अंगावर घ्यावे लागतात, आणि ते पक्षकाराच्या खर्चाने घेण्यापेक्षा कॉलेजात घेतलेले बरे.

ही कल्पना काही आजची नाही. इंग्लंडमधल्या 'इन्स ऑफ कोर्ट' या वकिलांच्या संस्थांमध्ये मध्ययुगापासून शिकाऊ मंडळी ज्येष्ठांपुढे काल्पनिक खटले लढवत आली. आजच्या स्पर्धांमध्ये दबदबा जेसपचा. १९६० साली हार्वर्डमध्ये सुरू झालेली ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या धर्तीवर चालते. दोन काल्पनिक देश, त्यांच्यातला वाद, बेंचला 'युअर एक्सलन्सी' म्हणायचं, आणि एका संघाला बोलायला एकूण ४५ मिनिटं. लवादाची आवड असलेल्यांची धाव व्हिएन्नाच्या विस मूटकडे.

जेसपमधली मला सगळ्यात आवडणारी अट म्हणजे दोन्ही देशांची मेमोरियल्स, म्हणजे लेखी युक्तिवाद, एकाच संघाने लिहायची. एका फेरीत अर्जदार देशाच्या वतीने ज्या कराराचा कीस काढला, पुढच्या फेरीत त्याच कराराच्या आडोशाला उभं राहायचं. बाहेरच्या माणसाला यात दुटप्पीपणा दिसतो. पण दोन्हीकडून लढलेल्याला आपल्या बाजूची भोकं विरोधकाच्या आधी दिसतात. कुठला मुद्दा सोडून द्यावा हे त्यालाच कळतं. "हे मला मान्य आहे, पण त्याने निकाल बदलत नाही" असं शांतपणे म्हणता येणं, ही मला युक्तिवादातली सगळ्यात अवघड गोष्ट वाटते. आठही मुद्दे सारख्याच त्वेषाने मांडणारे वकील आपण पाहतोच!

संघातल्या रीसर्चरचं, म्हणजे संदर्भ शोधणाऱ्याचं, नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. भाषण स्पीकरचं, बक्षीसही त्याचंच. शेजारी बसलेली रीसर्चर मुलगी रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या कम्पेंडियममध्ये, म्हणजे निवाड्यांच्या बाडात, बोट घालून तयार असते. तोंडाने बोलायची मुभा नाही, म्हणून चिठ्ठी सरकवायची: 'परिच्छेद ४२, २४ नव्हे'. एवढंच. पण त्या चार शब्दांमागे कित्येक रात्रींचं वाचन असतं, कुठला निवाडा नंतर फिरवला गेला याची पडताळणी असते, तळटीपांची कंटाळवाणी साफसफाई असते. वकिली बहुतांशी हीच असते. पहिली काही वर्षं तर ज्येष्ठांच्या मागे बसून पान काढून देण्यातच जातात, आणि ते पान बरोबर निघालं तरच पुढे कधीतरी उभं राहायला मिळतं.

मूटला मर्यादाही आहे, आणि ती लहान नाही. तिथे वस्तुस्थिती छापून हातात मिळते. तिच्यावर वाद नाही, उलटतपासणी नाही, फिरलेला साक्षीदार नाही. खऱ्या खटल्यात अर्धी लढाई नेमकं काय घडलं यावरच असते. पक्षकार पिशवीभर कागद आणून टेबलावर ओततो आणि महत्त्वाचा तेवढा कागद घरी ठेवून येतो. तिसऱ्या भेटीत सहज म्हणतो, "हां, तसं एक पत्र आलं होतं खरं." मूट केलेल्या वकिलाला एवढाच फायदा, की बेंच काय विचारेल हे त्याच्या डोक्यात आधीच वाजत असतं, म्हणून तेच प्रश्न तो पक्षकाराला पहिल्या दिवशी विचारतो. पक्षकार वैतागतो, "वकीलसाहेब, तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या?" आणि मग कुरकुरत पत्र आणायला घरी जातो.