ज्वारीच्या मुलखात मायक्रोग्रीन्स: आमची वाटचाल

सोलापुरात पालेभाजी म्हणजे जुडी. आणायची, निवडायची, फोडणीला टाकायची. मुळ्याची नाहीतर मोहरीची दोन पानांची रोपं कात्रीने कापून तशीच कच्ची खायची, ही गोष्ट इथे नवीच होती. आज मी आणि माझे धाकटे दीर याच रोपांवर, म्हणजे मायक्रोग्रीन्सवर, धंदा उभा करून आहोत.

जागा घरचीच. सासऱ्यांचे यंत्रमाग जिथे चालायचे ती खोली. माग विकले, जाड भिंतींची खोली उरली. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून मागवाल्याचं लक्ष कायम हवेतल्या ओलाव्याकडे असतं. दिरांची ती नजर आम्हाला फार उपयोगी पडली. अँगलच्या मांडण्या, ट्रे, मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एलईडी नळ्या, एवढंच सामान लागलं.

खरी लढाई उन्हाशी. या रोपांना साधारण 18 ते 24 अंश मानवतात आणि इथे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो. दिवसरात्र एसी चालवून मूठभर पाला विकणं परवडणारं नाही. पण सोलापूरचं ऊन कोरडं. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून वाळ्याच्या ताट्या लावलेला साधा कूलर इथे जे काम करतो ते मुंबईत करणार नाही. तरीही उन्हाळ्यात वाटाणा आम्ही घेत नाही, तो भिजतानाच आंबतो. त्या दिवसांत राजगिरा आणि मुळा. वाटाणा, धने, ब्रोकोली दिवाळीनंतर. पावसाळ्यात मात्र तोच कूलर बुरशीला आमंत्रण देतो. तेव्हा तो बंद, पंखे चालू, बी विरळ आणि पाणी ट्रेच्या खालूनच.

जिवंत ट्रे, म्हणजे न कापलेली रोपं ट्रेसकट, घरी नेणारे बरेचजण घाबरून फोन करतात, “ताई, बुरशी आली!” निम्म्याहून जास्त वेळा ती बुरशी नसते, मुळांची पांढरी लव असते. पाण्याचा फवारा मारला की लव मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी जाळ्यासारखी पसरते, वास मारते आणि फवाऱ्याने जात नाही. तसा ट्रे आम्ही बदलून देतो.

बियांबाबत आम्ही कडक आहोत. पेरणीसाठी विकलं जाणारं बियाणं बहुतेक वेळा बुरशीनाशक लावलेलं, गुलाबी किंवा निळं असतं. शेतात ते योग्य आहे, पण थोड्याच दिवसांत कापून कच्चं खायच्या रोपाला ते चालत नाही. म्हणून प्रक्रिया न केलेलंच बी घ्यायचं आणि प्रत्येक पोत्यातले 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायची. धने रगडून दोन फाका करायच्या. मुळा भिजवावा लागत नाही, सूर्यफूल रात्रभर भिजवतो. पेरल्यावर पहिले दोन-तीन दिवस ट्रेवर वजन आणि अंधार. नवरात्रात घटाचं धान देवघराच्या अंधारात जसं पिवळं आणि उंच वाढतं, तसंच इथे मुद्दाम होऊ द्यायचं, मग उजेडात आणून हिरवं करायचं. मुळा आठ-दहा दिवसांत कापणीला येतो, धने तीन आठवडे घेतात.

सगळ्यात जास्त विचारणा ज्वारीची. “मंगळवेढ्याची मालदांडी आपली, तिचे का नाही करत?” प्रश्न मायेचा असतो, पण उत्तर ठाम नाही असंच आहे. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी चरून जनावर दगावतं, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांची रोपंही खायची नसतात. हे समजून न घेता कुणी हा धंदा सुरू करू नये असं मला मनापासून वाटतं.

विक्री सॅलडच्या नावाने फारशी झाली नाही. दिरांनी एका हुरडा पार्टीत कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणीवर मुळ्याची कोवळी पानं पसरून दिली, तिथून गिऱ्हाईक वळलं. मुळ्याचा तिखटपणा शेंगदाण्याला छान उठाव देतो. आता कापलेल्या पानांच्या डब्यासोबत आम्ही हेच सांगतो: आमटी गॅसवरून उतरवल्यावर वरून घाला, शिजवू नका. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात, पण ओले ठेवू नका.

साखर उतरते का, असं विचारणाऱ्यांना आम्ही औषध म्हणून डबा देत नाही. 2012 साली अमेरिकेत 25 प्रकारांचा अभ्यास झाला. त्यात वजनाला वजन तोललं तर बहुतेक कोवळ्या पानांत मोठ्या पानांपेक्षा जीवनसत्त्वं बरीच जास्त निघाली. पण आपण खातो मूठभर, म्हणून रोजची भाजी सुटता कामा नये. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण हिरव्या पानांतलं के जीवनसत्त्व काही गोळ्यांच्या आड येतं.

सध्या एका मांडणीवर करडई लावली आहे. विरळणीतल्या कोवळ्या करडईची भाजी आपल्याकडे पूर्वापार खातात, त्यामुळे चव लोकांच्या ओळखीची आहे. टरफल पानाला चिकटून राहतं, तेवढं सोडवायचं बाकी आहे. ते जमलं की संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत पहिले डबे नेहमीच्या गिऱ्हाइकांकडे पाठवणार आहोत.